निर्गुडी, अडुळसा, पेरू: पानांच्या अर्कावरील प्रकल्पाच्या नोंदी

6 ऑगस्ट 2024

एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही दोघींनी निर्गुडी, अडुळसा आणि पेरू या तीन झाडांची पाने निवडली आहेत. निवडीमागे फार मोठा विचार नाही. निर्गुडी कालव्याच्या बांधावर हवी तेवढी मिळते, अडुळसा महाविद्यालयाच्या कुंपणालाच आहे आणि पेरू माझ्या घरच्या परसात आहे. या पानांचा अर्क जीवाणूंची वाढ रोखतो का आणि त्यात ऑक्सिडीकरण रोखण्याची क्षमता किती आहे, या दोन गोष्टी तपासायच्या आहेत. पुढच्या तुकडीतील कोणी हेच काम घेतले तर आमचे गेलेले दिवस त्यांचे जाऊ नयेत, म्हणून वहीतील नोंदी येथे शक्य तितक्या जशाच्या तशा उतरवीत आहे.

आज तिन्ही झाडांची मिळून साडेसात किलो ओली पाने तोडली, नळाखाली धुतली आणि विभागातील एका रिकाम्या खोलीत वर्तमानपत्रांवर पसरली.

12 ऑगस्ट 2024

सहा दिवसांत अडुळशाच्या पानांवर पांढरी बुरशी आली. पेरूच्या पानांवर ती दिसत नव्हती, पण ढीग उलटल्यावर खालच्या थरात तीच अवस्था होती. दोन्ही ढीग टाकून दिले. बुरशी लागलेली पाने सुकवून वापरता येणार नाहीत का, असा मोह आम्हाला झाला होता हे मान्य करते. पण बुरशी स्वतःच जीवाणूरोधक द्रव्ये तयार करू शकते, आणि तशा अर्काने जीवाणूंच्या प्लेटवर झोन (वाढ न झालेले स्वच्छ वलय) दिला तर तो पानाचा की बुरशीचा हे सांगता येणार नाही, असे मार्गदर्शक मॅडमनी सांगितले. निर्गुडीचा ढीग तेवढा वाचला.

चूक उघड होती. ऐन पावसाळ्यात, बंद खोलीत, धुतलेली पाने न निथळता चार-चार बोटे जाडीच्या थरात पसरली होती.

10 सप्टेंबर 2024

गणपतीच्या सुटीत पुन्हा पाने गोळा केली. या वेळी धुतल्यावर पाने सुती साडीवर पसरून आधी पाणी पूर्ण निथळू दिले, मग घरी माजघरात खाटेवर एकेरी थरात ठेवून दिवसरात्र पंखा चालू ठेवला आणि रोज दोनदा पाने उलटली. शेवटचा एक दिवस ती प्रयोगशाळेतील ओव्हनमध्ये 40 अंश सेल्सिअसला ठेवली. पान बोटांत धरून दाबल्यावर चुरा होतो तोवर सुकवायचे, हा अंदाज पुरेसा ठरला. एक किलो ओल्या पानांमागे सुकी पाने पेरूची 380 ग्रॅम, निर्गुडीची 310 ग्रॅम आणि अडुळशाची अवघी 190 ग्रॅम भरली. अडुळशाचे पान पाणीदार असल्याने ते दुप्पट तोडावे लागते, हे आधी कळले असते तर कुंपणाकडची एक फेरी वाचली असती.

झाडांची ओळख पटवण्याचे काम आम्ही शेवटी करणार होतो. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी ते आधी करायला लावले. निर्गुडीच्या एकाच फांदीवर कुठे पाच तर कुठे तीन पर्णिका असतात, त्यामुळे नुसती पाने पाहून व्हायटेक्स या प्रजातीतील दुसऱ्या जातीशी गोंधळ होऊ शकतो. फुलोऱ्यासह फांदी दाबून हर्बेरियमचा (वाळवलेल्या नमुन्याचा) कागद तयार करावा लागतो. निर्गुडी आणि पेरू यांचे कागद पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे प्रमाणपत्रासाठी पाठवले. अडुळशाला फुले थंडीत येतात, म्हणून त्याचा कागद मागे राहिला.

18 सप्टेंबर 2024

सुकी पाने घरच्या मिक्सरमध्ये दळली. सलग दोन मिनिटे मिक्सर चालवला तर भांडे हाताला चटका बसेल इतके तापते, आणि निर्गुडी दळताना तिचा उग्र वास सगळ्या मजल्यावर पसरला. गुडघे शेकायला आई हीच पाने तव्यावर गरम करते, त्यामुळे मला तो वास नवा नव्हता. पण वास बाहेर आला याचा अर्थ पानातील उडनशील तेल बाहेर गेले. पुढची खेप वीस-वीस सेकंद मिक्सर फिरवून आणि मध्ये भांडे थंड करून दळली. भुकटी चहाच्या गाळणीने चाळली आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्यांत भरून अंधारात ठेवली.

23 सप्टेंबर 2024

सॉक्सलेट (गरम द्रावक पुन्हा पुन्हा भुकटीतून फिरवून अर्क काढणारे उपकरण) लावले. 50 ग्रॅम पेरूची भुकटी, 500 मि.लि. मिथेनॉल. तिसऱ्या तासाला नळाचे पाणी गेले, कंडेन्सर (वाफ थंड करून पुन्हा द्रव करणारी नळी) तापला आणि खोलीत मिथेनॉलचा वास भरला. प्रयोगशाळेच्या परिचर मामांनी वेळीच हीटिंग मँटलचा खटका बंद केला आणि खिडक्या उघडल्या. मिथेनॉल 64.7 अंशांना उकळते, त्याची वाफ विषारी असते आणि ती सहज पेट घेते. अशा वेळी आम्ही दोघी शेजारच्या वर्गात तासाला बसलो होतो, ही या प्रकल्पातील सर्वांत गंभीर चूक आहे. सुमारे 300 मि.लि. द्रावक वाया गेले, ते वेगळेच.

त्यानंतर बादलीत बर्फाचे पाणी आणि त्यात कूलरचा छोटा पंप टाकून कंडेन्सरला फिरते पाणी दिले. ही युक्ती उत्तम चालते. पण विचारांती सॉक्सलेट आम्ही बाजूलाच ठेवले, कारण आठ-आठ तास उष्णता दिल्याने ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या फिनॉलवर्गीय द्रव्यांचा काही भाग नष्ट होऊ शकतो आणि आमच्या अर्ध्या चाचण्या त्याच द्रव्यांवर अवलंबून आहेत. त्याऐवजी 50 ग्रॅम भुकटी 500 मि.लि. मिथेनॉलमध्ये झाकणबंद शंकुपात्रात 72 तास शेकरवर ठेवली, मलमलच्या चौपदरी कापडातून पिळली आणि मग व्हॉटमन क्रमांक 1 च्या कागदातून गाळली. मलमल वगळून थेट कागदावर ओतले तर कागद दहा मिनिटांत तुंबतो.

1 ऑक्टोबर 2024

आमच्याकडे रोटरी इव्हॅपोरेटर (कमी दाबाखाली द्रावक लवकर उडवणारे यंत्र) नाही. वॉटर बाथवर काचेच्या बशीत द्रावक उडवायला तीन दिवस लागले आणि शेवटी बशीला चिकटलेला काळपट हिरवा चिकटा राहिला. पेरूचा अर्क 9.4 ग्रॅम भरला, म्हणजे भुकटीच्या वजनाच्या जवळजवळ 19 टक्के उतारा, आणि आम्ही खूष झालो. मॅडमनी बशी डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवून रोज वजन करायला सांगितले. पाचव्या दिवशी वजन 8.1 ग्रॅमवर येऊन थांबले. म्हणजे ज्याला आम्ही अर्क समजत होतो त्यात 1.3 ग्रॅम मिथेनॉल आणि ओलावाच होता. अर्काचे वजन सलग दोन दिवस तेच येईपर्यंत ते वहीत लिहू नये.

निर्गुडी आणि अडुळसा यांचे द्रावण जवळच्या शहरातील एका महाविद्यालयात नेऊन तेथील रोटरी इव्हॅपोरेटरवर 40 अंशांना आटवले. जे काम आमच्याकडे तीन दिवस चालले ते तिथे एका दुपारी झाले. अंतिम उतारा पेरू 16.2 टक्के, अडुळसा 12.6 टक्के आणि निर्गुडी 11.2 टक्के.

9 ऑक्टोबर 2024

पहिल्या प्लेटा. म्युलर-हिंटन अगारवर (जीवाणू वाढवण्याच्या थिजलेल्या माध्यमावर) कॉर्क बोररने 8 मि.मी. व्यासाचे वेल, म्हणजे गोल खड्डे, पाडून प्रत्येकात 100 मायक्रोलिटर अर्क घातला. प्रमाणित वाणांचे जीवाणू दोन (कंसात वाणसंग्रहातील क्रमांक): स्टॅफिलोकोकस ऑरियस (एटीसीसी 25923) आणि ई. कोलाय (एटीसीसी 25922). सकाळी इनक्युबेटर उघडला तेव्हा तिन्ही अर्कांभोवती 13 ते 16 मि.मी.चे स्वच्छ झोन होते, दोन्ही जीवाणूंवर. आम्ही छायाचित्रे काढली आणि गटावर टाकली.

10 ऑक्टोबर 2024

छायाचित्रे काढून टाकली. अर्क चटकन विरघळतो म्हणून आम्ही तो मिथेनॉलमध्येच विरघळवला होता, आणि नुसत्या मिथेनॉलचा वेल सहापैकी एकाच प्लेटवर ठेवला होता. त्या वेलाभोवती 12 मि.मी.चा झोन होता, तो काल उत्साहाच्या भरात मोजलाच नव्हता. अडुळशाचा 13 मि.मी.चा झोन हा बहुतांशी द्रावकाचा झोन होता.

हाच प्रयोग डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या दुसऱ्या द्रावकात करायचे ठरले. पण शुद्ध डीएमएसओदेखील निरुपद्रवी नाही, ई. कोलायच्या प्लेटवर त्याच्याभोवतीही 10 मि.मी.चे अंधुक वलय आले. 10 टक्के डीएमएसओने मात्र काहीच दिसले नाही. अडचण अशी की 10 टक्क्यांत निर्गुडीचा अर्क विरघळत नाही, तळाशी हिरवा गाळ बसतो. शेवटी अर्क आधी थोड्या शुद्ध डीएमएसओमध्ये पूर्ण विरघळवायचा, मग ढवळत ढवळत निर्जंतुक पाणी थेंबथेंब घालून डीएमएसओ 10 टक्क्यांवर आणायचे आणि वेलमध्ये घालण्याआधी प्रत्येक वेळी नळी हलवायची, असे ठरवले. निर्गुडीचे द्रावण तरीही गढूळच राहते. त्यामुळे निर्गुडीचा झोन लहान आला तर तो अर्क कमजोर असल्यामुळे की त्यातील तेलकट द्रव्ये अगारमधून पसरत नसल्यामुळे, हे या पद्धतीने कळणार नाही. दोन वेगळ्या झाडांच्या झोनची तुलना करून एक अर्क दुसऱ्यापेक्षा प्रभावी ठरवणारे निष्कर्ष आम्हीही प्रस्तावात लिहिले होते. ते वाक्य आज खोडले.

16 ऑक्टोबर 2024

तीन प्लेटांवर एकाच अर्काचे झोन 11, 14 आणि 18 मि.मी. आले. कारणे शोधायला पूर्ण आठवडा गेला आणि ती एक नव्हे, तीन निघाली.

पहिले कारण, जीवाणूंचे प्रमाण. आम्ही रात्रभर जीवाणू वाढवलेल्या ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) स्वॅब, म्हणजे कापसाचा बोळा लावलेली काडी, बुडवून तो थेट फिरवत होतो. आता 1.175 टक्के बेरियम क्लोराइड 0.05 मि.लि. आणि 1 टक्का सल्फ्युरिक आम्ल 9.95 मि.लि. मिसळून 0.5 मॅकफार्लंडचे मानक तयार केले आहे. जीवाणूंचा गढूळपणा त्याच्याशी जुळवायचा, म्हणजे प्रत्येक मि.लि.त साधारण 1.5 × 10⁸ जीवाणू येतात, आणि जुळवल्यापासून पंधरा मिनिटांत प्लेटवर स्वॅब फिरवायचा. मानकाची नळी वापरण्याआधी हलवावी लागते, नाहीतर बेरियम सल्फेट तळाशी बसलेले असते आणि आपण गढूळपणा स्वच्छ पाण्याशी जुळवीत राहतो. पहिल्या दिवशी आम्ही नेमके तेच केले.

दुसरे कारण, अगारची जाडी. ती 4 मि.मी. हवी, म्हणजे 90 मि.मी.च्या प्लेटला सुमारे 25 मि.लि. आम्ही अंदाजाने ओतत होतो, शिवाय आमचा ओटा एका बाजूला उतरता आहे. पातळ बाजूला झोन मोठा आणि जाड बाजूला लहान येतो. गावातील एका गवंडीकाकांकडून पाणसळ आणून ओट्यावर काचेचा तुकडा पाचरी लावून समतल केला. त्यानंतर प्रत्येक प्लेट मोजून ओतली.

तिसरे कारण मामांनी दाखवले. वेल पाडल्यावर आतली चकती सुईने उचलताना अगार तळापासून सुटतो आणि अर्क त्याच्या खालून पसरतो. प्लेट उजेडाकडे धरून उलटी पाहिली तर हिरवा ओघळ दिसतो. उपाय म्हणून वेलच्या तळाशी वितळलेल्या अगारचा एक थेंब टाकून तो थिजू दिला आणि मग अर्क घातला. अर्क घातल्यावर प्लेटा तासभर फ्रीजमध्ये ठेवून मग 37 अंशांना इनक्युबेटरमध्ये ठेवल्या.

प्रत्येक प्लेटवर आता जेंटामायसिन या प्रतिजैविकाची 10 मायक्रोग्रॅमची चकती असते. स्टॅफिलोकोकसच्या या वाणावर तिचा झोन 19 ते 27 मि.मी.च्या आत यायला हवा. आमचा 24 आला. ज्या प्लेटवर तो 29 आला तिचा अगार मोजला तर अडीच मि.मी. भरला, त्या प्लेटचे सगळे आकडे रद्द केले.

24 ऑक्टोबर 2024

पाण्यातील अर्कही करून पाहिला, कारण घरोघरी अडुळशाचा काढाच पितात, मिथेनॉलचा अर्क कोणी पीत नाही. पाने उकळून गाळलेला काढा चार दिवस फ्रीजमध्ये ठेवला आणि वेलमध्ये घातला, तर झोन येण्याऐवजी वेलभोवती दाट पिवळसर वाढ झाली. काढ्यातच जीवाणू वाढले होते. 0.22 मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळायला गेलो तर प्रत्येक फिल्टर दोन-तीन मि.लि.ला तुंबला आणि असे पाच फिल्टर गेले. आधी सेंट्रिफ्यूज, मग 0.45 मायक्रॉन आणि शेवटी 0.22 मायक्रॉन असे केल्यावर एका फिल्टरमधून 15 मि.लि. निघाले. काढा त्याच दिवशी वापरावा. तिन्ही काढ्यांपैकी फक्त पेरूच्या काढ्याने स्टॅफिलोकोकसवर 10 मि.मी.चा झोन दिला, बाकीच्यांनी काही नाही.

13 नोव्हेंबर 2024

दिवाळीनंतर डीपीपीएच आले, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखण्याची क्षमता मोजायचे जांभळे रसायन. मागवून सहा आठवडे झाले होते, आणि थंड ठेवायची ती बाटली पुरवठादाराने साध्या खोक्यात पाठवली होती. सुदैवाने रंग ठीक आला.

0.1 मिलिमोलर द्रावणासाठी 100 मि.लि. मिथेनॉलमध्ये 3.94 मिलिग्रॅम डीपीपीएच लागते. आमच्या तराजूवर एवढे वजन विश्वासाने करता येत नाही. म्हणून रसायनशास्त्र विभागातील चार दशांशांच्या तराजूवर 39.4 मिलिग्रॅम मोजून 1 मिलिमोलरचे द्रावण केले आणि ते दहापट पातळ केले. 3 मि.लि. डीपीपीएच, 1 मि.लि. अर्क, अंधारात 30 मिनिटे, आणि 517 नॅनोमीटरला रीडिंग. जांभळा रंग जितका फिका पडेल तितकी अर्काची क्षमता अधिक.

पेरूने पहिल्याच दिवशी आम्हाला निरुत्तर केले: सगळ्या नळ्या पिवळ्या, सगळीकडे 94-95 टक्के. आम्ही अर्क फारच तीव्र घेतला होता. अडुळशाचे कोडे मात्र वेगळे होते. मि.लि.ला 1000 मायक्रोग्रॅमच्या द्रावणाने 41 टक्के, आणि दुप्पट तीव्रतेच्या द्रावणाने 38 टक्के.

15 नोव्हेंबर 2024

अर्क वाढवल्यावर परिणाम कमी का होतो, याचे उत्तर क्युवेट (रीडिंगसाठी यंत्रात ठेवायची चौकोनी नळी) खिडकीशी धरल्यावर मिळाले. अडुळशाचा तीव्र अर्क स्वतःच हिरवा आहे. यंत्राला 517 नॅनोमीटरला जे शोषण दिसते त्यात उरलेले डीपीपीएचही असते आणि पानाचा रंगही. हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून गेल्यावर जे फिओफायटिन तयार होते, ते नेमके याच पट्ट्याच्या आसपास प्रकाश शोषते. वाळवलेल्या, महिनाभर ठेवलेल्या अर्कात ते असतेच.

म्हणून प्रत्येक तीव्रतेला स्वतःचा ब्लँक लावला: तेवढाच अर्क, पण डीपीपीएचऐवजी नुसते मिथेनॉल. 2000 च्या नळीचे रीडिंग 0.53 होते, तिच्या ब्लँकचे 0.28 निघाले. अर्क न घातलेल्या नियंत्रण नळीचे 0.85 होते, त्यामुळे 38 टक्क्यांचे खरे मूल्य 71 टक्के झाले. 1000 च्या नळीचे 41 चे 58 झाले. नळ्यांची संख्या दुप्पट होते, मिथेनॉलही तेवढेच जास्त लागते, पण हिरव्या पानांच्या अर्काला याशिवाय गत्यंतर नाही.

23 नोव्हेंबर 2024

विधानसभेच्या 20 तारखेच्या मतदानासाठी महाविद्यालयाची इमारत ताब्यात होती, मामा निवडणुकीच्या कामावर होते, आणि आमच्या मजल्याची वीज मुख्य खटक्यावरून बंद केली गेली. फ्रीज चार दिवस बंद. ओतून ठेवलेल्या बावीस प्लेटा गेल्या. स्लँटवरचे (नळीतील तिरप्या अगारवर राखून ठेवलेले) जीवाणू जिवंत निघाले. उरलेल्या डीपीपीएच द्रावणाचे रीडिंग 0.85 वरून 0.61 वर आले होते. ते ओतून दिले. एरवीही हे द्रावण रोज ताजे करावे.

29 नोव्हेंबर 2024

एक लाजिरवाणी चूक. निम्मा परिणाम घडवणारी तीव्रता, म्हणजे आयसी-50, काढताना एस्कॉर्बिक आम्लाची तीव्रता आम्ही नळीतील एकूण 4 मि.लि.ला धरून काढली होती आणि अर्कांची तीव्रता नळीत घातलेल्या 1 मि.लि. द्रावणाची धरली होती. त्यामुळे आमचे तिन्ही अर्क जीवनसत्त्व क च्या तुलनेत चौपट दुबळे दिसत होते. सगळे आकडे अंतिम आकारमानाला आणल्यावर असे आले, मि.लि.ला मायक्रोग्रॅममध्ये: एस्कॉर्बिक आम्ल 5.2, पेरू 15.5, निर्गुडी 95, अडुळसा 210. एस्कॉर्बिक आम्लाचे द्रावण त्याच दिवशी करावे. कपाटातील जुन्या बाटलीतील भुकटी पिवळी पडली होती, तिने 9 च्या पुढचा आकडा दिला.

4 डिसेंबर 2024

एकूण फिनॉलसाठी फोलिन-सिओकाल्टोची चाचणी. आमच्या कलरीमीटरची मजल 700 नॅनोमीटरपर्यंतच आहे आणि रीडिंग 765 ला घ्यायचे असते, म्हणून पुन्हा शहरात जावे लागले. तिथे 7.5 टक्के सोडियम कार्बोनेट घातल्याबरोबर नळ्यांत पांढरा गाळ आला, कारण आमचा अर्क मिथेनॉलमध्ये होता आणि कार्बोनेट मिथेनॉलमध्ये विरघळत नाही. अर्क आधी पाण्याने दहापट पातळ केला, गाळ थांबला. क्रमवारी डीपीपीएचसारखीच आली: पेरू, निर्गुडी, अडुळसा.

17 डिसेंबर 2024

या प्रकल्पात मला सर्वांत जास्त शिकवले ते या आठवड्याने.

वाढ रोखणारी किमान तीव्रता, म्हणजे एमआयसी, काढण्यासाठी 96 वेलची प्लेट घेतली आणि अर्क मि.लि.ला 5 मिलिग्रॅमपासून निम्म्या-निम्म्याने कमी करत नेला. डीएमएसओ 2 टक्क्यांवर राहील असे पाहिले. अर्क हिरवा असल्याने गढूळपणा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून रेझाझुरिन वापरायचे: जीवाणू जिवंत असतील तर निळ्याचे गुलाबी होते, वाढ थांबली असेल तर निळेच राहते. पेरूची पूर्ण रांग गुलाबी झाली. प्लेटवर 15 मि.मी.चा झोन देणारा अर्क इथे कुठल्याच तीव्रतेला वाढ रोखत नाही, असा त्याचा अर्थ होत होता.

दोन दिवस आम्ही जीवाणूंचे प्रमाण, ब्रॉथ, पिपेट या सगळ्यांवर संशय घेतला. मग मॅडमनी विचारले, "जीवाणू न घातलेला, नुसत्या अर्काचा वेल कुठे आहे?" तो आम्ही ठेवलाच नव्हता. ठेवला, रेझाझुरिन घातले, दोन तासांत तोही गुलाबी. रेझाझुरिनचा रंग बदलतो तो क्षपणामुळे (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रियेमुळे), आणि ते जीवाणूंनी केले की पेरूच्या पानातील फिनॉलांनी केले हे त्या रंगाला कळत नाही. ज्या गुणामुळे पेरूने डीपीपीएचमध्ये बाजी मारली, त्याच गुणाने ही चाचणी बिघडवली. एकाच अर्काच्या दोन्ही चाचण्या एकाच अहवालात घेणाऱ्या आम्हाला हे महिनाभर सुचले नाही, कारण दोन्ही कामांच्या वह्या वेगळ्या होत्या.

मार्ग असा काढला. प्रत्येक तीव्रतेला जीवाणूविरहित वेल. रेझाझुरिन 18 तासांनंतरच घालायचे. ज्या अर्काचा जीवाणूविरहित वेल गुलाबी होतो त्याचा रंग मोजायचाच नाही. त्याऐवजी प्रत्येक वेलमधून 10 मायक्रोलिटर काढून नव्या अगारवर ठिपका द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी वाढ येते का पाहायचे. याने जीवाणू मेले का तेवढे कळते, नुसती वाढ थांबली होती का ते कळत नाही, म्हणून पेरूसाठी तक्त्यात एमआयसी असे न लिहिता जीवाणूनाशक किमान तीव्रता असे लिहिले. स्टॅफिलोकोकससाठी ती 2.5 मिलिग्रॅम आली. निर्गुडीचा जीवाणूविरहित वेल निळाच राहिला. तिची एमआयसी 5 मिलिग्रॅम.

8 जानेवारी 2025

झोनचे काम पुन्हा, तीन वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येक दिवशी ताजे जीवाणू घेऊन. एकाच दिवशी तीन प्लेटा लावल्या तर ती एकाच प्रयोगाची तीन रीडिंगे असतात, हे ऑक्टोबरमध्ये आम्ही मानत नव्हतो.

मि.लि.ला 100 मिलिग्रॅम तीव्रतेला स्टॅफिलोकोकसवर पेरूची सरासरी 15.3 मि.मी., निर्गुडीची 11 मि.मी., अडुळशाचा झोन नाही. ई. कोलायवर पेरूची जेमतेम 9.7 मि.मी., बाकी दोन्ही शून्य. ई. कोलायसारख्या ग्रॅम-ऋण जीवाणूंचे बाह्य आवरण अशा द्रव्यांना सहसा आत येऊ देत नाही. पेरूच्या द्रावणाचा पीएच 4.8 निघाला, तेव्हा झोन आम्लतेचा तर नाही ना म्हणून त्याच पीएचचे बफर एका वेलमध्ये घातले. त्याभोवती झोन आला नाही.

आकडे तक्त्यात शेजारी शेजारी छापले की पेरूचा 15 आणि जेंटामायसिनचा 24 जवळजवळ बरोबरीचे दिसतात. आमच्या वेलमध्ये 10 मिलिग्रॅम अर्क होता, चकतीत 10 मायक्रोग्रॅम औषध. हजारपट फरक. तक्त्याखाली ही टीप ठळक अक्षरांत दिली आहे.

अडुळशाला फुले आली. कागद पुण्याला पाठवला.

22 जानेवारी 2025

खर्चाचा हिशेब. मिथेनॉल साडेसात लिटर 3,450 रुपये, डीपीपीएच एक ग्रॅम 4,100, म्युलर-हिंटन अगार 3,800, दोन जीवाणू वाण 2,600, डीएमएसओ 900, रेझाझुरिन 1,700, फिल्टर, प्लेटा, टिप आणि चकत्या मिळून 1,950, प्रवास 1,240. एकूण 19,740. निम्मे महाविद्यालयाने दिले. डीपीपीएच एका गटाला वर्षभर पुरूनही बरेच उरते, तेव्हा दोन-तीन गटांनी मिळून घ्यावे. वेळेचा हिशेब अधिक बोचणारा आहे: बुरशीत एक महिना, द्रावकाच्या घोळात दोन आठवडे, रेझाझुरिनमध्ये आठवडा.

6 फेब्रुवारी 2025

परीक्षेआधी शंका नको म्हणून त्याच पेरूची पाने जानेवारीत पुन्हा तोडून त्यांचा नवा अर्क केला होता. उतारा 14.1 टक्के. स्टॅफिलोकोकसवर झोन 13.2 मि.मी., डीपीपीएचचा आकडा 19. सप्टेंबरच्या अर्काची बाटली फ्रीजमध्येच होती, ती त्याच दिवशी त्याच प्लेटवर शेजारच्या वेलमध्ये लावली. तिने 15 दिले. म्हणजे घसरण प्लेटची किंवा हाताची नाही, पानातच काही फरक आहे: पावसाळ्यातले पान आणि थंडीतले पान, कदाचित कोवळे आणि जून. आम्ही पाने तोडताना फांदीवरचे कितवे पान घेतले याची नोंद दोन्ही वेळा ठेवलेली नाही. दोन्ही आकडे तोडणीच्या तारखेसह तक्त्यात ठेवले आहेत, त्यांची सरासरी काढलेली नाही. दोन्ही बाटल्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आहेत, आणि वापरलेल्या प्लेटा आज 121 अंशांना ऑटोक्लेव्ह करून मामांकडे दिल्या.